नवीन टॉय ब्रीड पिल्लू घरी आलंय? पुण्यातून सतत येणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं माझ्याकडे छोटे कुत्रे आहेत, आधी चिंगी नावाची पॉम (पॉमेरेनियन) होती, आता मोदक नावाचा शिट्झू आहे, आणि मधल्या काळात ओळखीच्यांची बरीच पिल्लं कुणी गावाला गेलं म्हणून, कुणाच्या घरी बाळंतपण आहे म्हणून आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहून गेली. त्यामुळे कुणाकडे नवीन पिल्लू आलं की फोन मला येतो आणि प्रश्न बरेचसे तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण खालची निम्मी उत्तरं त्यातूनच येतात. सातशे-आठशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात साठा म्हणून काही नसतो. लॅबच्या (लॅब्राडोरच्या) पिल्लाने एक जेवण चुकवलं, थोडी थंडी लागली, एक रात्र नीट झोपलं नाही तरी निभावतं, ह्या जिवाला यातलं एक जरी झालं तरी जड जातं. मी डॉक्टर नाही, तब्येतीची शंका आली की पहिला फोन व्हेटला म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला करायचा.

१. टॉय ब्रीड म्हणजे नक्की कोणते? आमचा लासा (ल्हासा ॲप्सो) त्यात येतो का?

पॉमेरेनियन, चिहुआहुआ, शिट्झू, पग, माल्टीज, यॉर्की, टॉय पूडल ही आपल्याकडे दिसणारी नावं. याद्या मात्र देशोदेशी वेगळ्या आहेत, अमेरिकेत शिट्झू टॉय ग्रुपमध्ये आहे आणि लासा नाही, युरोपातल्या एफसीआय या श्वान संघटनेच्या यादीत लासा, शिट्झू, पग सगळे एकाच ‘कंपॅनियन आणि टॉय’ गटात आहेत आणि पॉम भलत्याच म्हणजे स्पिट्झच्या गटात. घरात पिल्लू रुळवताना यादीला काही अर्थ नाही, वजन बघा. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू दीड किलोच्या आत असेल तर खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. आणखी एक, आपल्याकडे पॉम म्हणून पाळलेले बरेच पांढरे कुत्रे खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, ते जरा मोठे आणि पुष्कळ काटक. कुत्रा म्हणून कुठेच कमी नाहीत.

२. विकणारा म्हणतोय ४५ दिवसांचं झालंय, दूध सुटलंय, घेऊन जा. न्यायचं का?

नाही. ४५ दिवस हा आकडा कुठून आला देव जाणे पण सगळीकडे तोच ऐकू येतो. केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, म्हणजे किमान ५६ दिवस. टॉय ब्रीडसाठी मी तर म्हणेन दहा-बारा आठवडे थांबा. तेवढ्या दिवसांत ते आई आणि भावंडांकडून किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो ते शिकतं, नीट खायला लागतं, अंगावर थोडं मांस चढतं. चिंगी आमच्याकडे आली तेव्हा विकणाऱ्याने दोन महिन्यांची सांगितली होती, व्हेटने दात बघून सांगितलं जेमतेम पाच-सहा आठवड्यांची आहे. पुढचा महिना आम्ही अक्षरशः जीव मुठीत धरून काढला. जिथे जाल तिथे पिल्लाची आई बघायला मागा, आई दाखवत नसतील तर परत फिरा.

३. टीकप पॉम, पॉकेट पॉम, कल्चर पॉम अशी वेगवेगळी ब्रीड असतात का?

नाही, ही सगळी विक्रीची नावं. टीकप नावाचं ब्रीड कुठल्याही केनेल क्लबच्या यादीत नाही. बहुतेक वेळा ते कमी वयाचं, उपाशी ठेवलेलं किंवा पोटातून आल्यापासूनच अशक्त पिल्लू असतं, आणि शुगर उतरणं (प्रश्न ८), हाडं मोडणं (प्रश्न १५) हे त्रास त्यांच्यात जास्त. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद मिळाला तरी तो वंशावळीचा कागद आहे, तब्येतीची हमी नाही.

४. घरी आणायच्या आधी काय तयारी करू? लिस्ट द्या.

खरेदीची लिस्ट छोटी आहे आणि दुकानदार ती मोठी करतात. एक पुठ्ठ्याचं मोठं खोकं किंवा छोटा क्रेट, दोन जुन्या सुती चादरी, उथळ वाट्या (खोल भांड्यात त्याचं तोंडच जात नाही), रद्दी पेपर किंवा पी पॅड (शू शोषून घेणारे पॅड), आधी जे खात होतं तेच फूड, घरात ग्लुकोजची पावडर किंवा मध, आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. वजनकाटा मी सगळ्यांना आवर्जून घ्यायला लावते. रोज सकाळी शी-शू झाल्यावर, खायच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहायचं. वाढत्या पिल्लाचं वजन वाढायलाच हवं, दोन दिवस ओळीने उतरलं तर बाकी कितीही खेळत असलं तरी व्हेटला दाखवायचं.

आणि घर त्याच्या उंचीवरून बघा, म्हणजे खरंच जमिनीवर आडवं पडून बघा. टेरेसच्या ग्रिलच्या फटी पहिल्यांदा, कारण आपल्याला चार इंच म्हणजे काही वाटत नाही पण ह्या पिल्लाचं डोकं गेलं की अख्खं पिल्लू जातं. खाली दोन फुटांपर्यंत जाळी किंवा शीट लावून घ्या. चार्जरच्या वायरी, सोफ्याखालचा पोकळ भाग, वॉशिंग मशीनच्या मागची जागा. विषारी वस्तूंचं प्रश्न २१ मध्ये लिहिलंय.

५. पहिल्या दिवशी काय करायचं? सगळे नातेवाईक बघायला यायचं म्हणतायत.

पहिले तीन-चार दिवस पाहुणे नकोत. शक्य झालं तर सकाळी आणा, म्हणजे रात्र व्हायच्या आत त्याला घराचा वास तरी ओळखीचा होतो. येताना मांडीवर नाही, खोक्यात किंवा कॅरियरमध्ये आणा, आई-भावंडांच्या वासाचं एखादं फडकं मागून घ्या, देतात सहसा. घरी आलं की आधी शू करायच्या जागेवर ठेवा, मग पाणी, मग एका खोलीत सोडा आणि तुम्ही जमिनीवर बसून रहा, ते येईल तेव्हा येईल. सगळं घर पहिल्याच दिवशी दाखवायची गरज नाही. एवढंसं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं आणि झोपेतून उठवून ‘बघ काका आलेत’ असं करत राहिलं की ते थकतं, खात नाही, आणि खाल्लं नाही की पुढचं सगळं सुरू होतं. आत्याला वाईट वाटेल, वाटू दे, पुढच्या रविवारी बोलवा.

६. रात्रभर रडतंय. लक्ष देऊ नका, सवय होईल असं सगळे सांगतात. खरं आहे का?

मला हे मुळीच पटत नाही. काल रात्रीपर्यंत ते चार भावंडांच्या उबेत झोपत होतं आणि आज हॉलमधल्या गार फरशीवर एकटं आहे, ते नाटक करत नाहीये, घाबरलंय आणि बऱ्याचदा त्याला थंडीही वाजत असते. खोकं तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, इतकं जवळ की हात खाली सोडला तर त्याला लागेल. खाली चादरीची घडी, त्यात वासाचं फडकं, आणि डिसेंबर-जानेवारी असेल तर कोमट पाण्याची बाटली मोज्यात किंवा टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला, एकाच बाजूला म्हणजे गरम झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. पुण्यात त्या दिवसांत रात्रीचं तापमान कधीकधी दहाच्या खालीही जातं, आपण रजईत असतो म्हणून लक्षात येत नाही.

रडलं की आधी बघा शू आलीय का. रात्री एकदा-दोनदा उठावं लागणारच, दिवा फार न लावता, न खेळता, शू करवून परत खोक्यात. हात ठेवून झोपवा. पाच-सात रात्रींत बहुतेक पिल्लं शांत होतात, मग हवं तर खोकं रोज थोडं थोडं लांब सरकवा. पलंगावर घेऊन मात्र झोपू नका, तुमच्या श्रद्धेचा किंवा प्रेमाचा प्रश्न नाही, झोपेत अंगाखाली येतं आणि पडतं (प्रश्न १५).

७. खायला काय द्यायचं आणि किती वेळा? आमच्याकडे आजी दूध-पोळी देते.

पहिले आठ-दहा दिवस आधी जे खात होतं तेच, मग बदलायचं असेल तर आठवडाभरात हळूहळू मिसळत बदला, सुरुवातीला पाव भाग नवीन, मग अर्धा, असं. छोट्या ब्रीडच्या पिल्लांचं फूड मिळतं, त्याचे दाणेही बारीक असतात, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून मऊ करून द्या. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार ते पाच वेळा, पहिलं सकाळी सहाला, शेवटचं रात्री साडेदहा-अकराला. चार महिन्यांनंतर तीन वेळा. पाकिटावर वजनाप्रमाणे दिवसाचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते भाग करून द्या.

पिशवीचं दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही, पातळ शी होते, आणि एवढ्याशा जिवाला एक दिवसाचे जुलाब म्हणजे मोठी गोष्ट. पोळीने पोट भरतं पण वाढीला लागतं ते प्रोटीन, कॅल्शियम त्यातून मिळत नाही. बिस्किटांचं पण तेच. आजींना नाही म्हणू नका, काम द्या, दुपारचं भिजवलेलं फूड भरवायचं आजींनी, किंवा उकडलेल्या चिकनचे अगदी बारीक तुकडे, शाकाहारी घर असेल तर थोडं ताजं पनीर, चवीपुरतं. आमच्या आईने चिंगीला असंच भरवलं आणि नंतर चिंगी तिच्याशिवाय जेवायचीच नाही.

घरचंच खाऊ घालायचं असेल तर व्हेटकडून नीट लिहून घ्या, वाढीच्या वयात अंदाजपंचे नको.

८. आमचं पिल्लू सकाळी अचानक ढिलं पडलं, चालताना लटपटत होतं, थरथरत होतं. काय झालं असेल?

शुगर उतरली असण्याची शक्यता खूप आहे आणि ही इमर्जन्सी आहे, हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला वाचायला द्या. छोट्या पिल्लांच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा नगण्य असतो, स्नायूही कमी, त्यामुळे जास्त वेळ उपाशी राहिलं, थंडी लागली, जुलाब झाले, खूप खेळलं किंवा घाबरलं की रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. तीन-चार महिन्यांपर्यंत हा धोका जास्त. आधी ते सुस्त होतं, डोळे कुठेतरी बघत राहतात, मग तोल जातो, थरथर, हिरड्या फिक्या पडतात, पुढे फिट येऊन बेशुद्ध होतं.

लगेच करायचं म्हणजे मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना आणि गालाच्या आतल्या बाजूला चोळायचं. चमच्याने किंवा सिरिंजने तोंडात ओतू नका, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि निघा व्हेटकडे, वाटेत परत थोडं चोळा. पाच-दहा मिनिटांत तरतरी आली तर थोडं खायला द्या, पण तरीही व्हेटकडे जायचंच, कारण मागे जंत, इन्फेक्शन, लिव्हरचा काही त्रास असं कारण असू शकतं.

चिंगीला हे झालं ती आमच्याकडे आल्याची सहावी रात्र होती. लग्नाला गेलो होतो, परत यायला उशीर झाला, ती सात तास उपाशी होती. मला वाटलं झोपलीये. उचलली तर मान लुळी. शेजारच्या काकूंनी मध आणून दिला म्हणून ती वाचली आणि पुढे बराच काळ जगली, पण ती चूक सरळसरळ माझी होती आणि अजून लग्नाचं बोलावणं आलं की मला ती रात्र आठवते. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे पिल्लू यायच्या आधी शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

९. काल आणलं, खातच नाहीये. किती वेळ वाट बघू?

मोठ्या कुत्र्यांचं ‘भूक लागली की खाईल’ इथे चालत नाही. एक जेवण टाळलं तर फूड थोडं कोमट करा म्हणजे वास सुटतो, हातावर ठेवून द्या, आजूबाजूची गर्दी कमी करा. सलग दोन वेळा काहीच खाल्लं नाही, किंवा खात नाही आणि सोबत उलटी, जुलाब, सुस्ती आहे तर त्याच वेळी व्हेटकडे, उद्या सकाळी नाही. उलटी आणि रक्ताचे घाणेरड्या वासाचे जुलाब म्हणजे पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा व्हायरल आजार) असू शकतो.

१०. शी-शू कुठे शिकवू? तिसरा मजला आहे, सारखं खाली नेणं जमत नाही.

लस पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचंच नाहीये (प्रश्न ११), त्यामुळे घरातली एक जागा ठरवा, ड्राय बाल्कनी किंवा बाथरूमच्या बाहेरचा कोपरा, आणि रोज तीच. उठल्यावर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ थांबल्यावर उचलून तिथे ठेवा, झालं की लगेच शाबासकी आणि एक दाणा. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-अडीच तासांवर शू धरू शकत नाही, छोट्या ब्रीडचं तर त्याहून कमी, म्हणून चुका होणार. चुकलं तर काही बोलू नका, पुसून टाका. नाक घासणं, पेपरने मारणं हे अजून सांगणारे लोक आहेत, त्याने पिल्लू इतकंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

पुसताना फिनाइल नको, वास जात नाही आणि ओल्या फरशीवरून चालून ते पाय चाटतं. साबणाच्या पाण्याने पुसून मग पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसा, फरशी सुकल्यावरच पिल्लू सोडा. पूर्ण सवय लागायला छोट्या ब्रीडला सहा-आठ महिने लागतात, शेजारचा लॅब तीन महिन्यांत शिकला म्हणून तुलना नको.

११. लसी कधी आणि खाली फिरायला कधी न्यायचं?

साधारण असं असतं: सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, शेवटचा डोस १६ आठवडे झाल्यावर, आणि रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, ते वजनावर ठरतं म्हणून व्हेटने सांगितलेलंच. विकणाऱ्याने ‘एक लस झालीये’ सांगितलं तर कार्ड बघा, त्यावर लसीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरची सही असते, नुसतं पेनने लिहिलेलं असेल तर झाली नाही असंच समजायचं.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांनी पार्किंगमध्ये, रस्त्यावर जमिनीवर सोडायला हरकत नाही. पार्व्होचा व्हायरस मातीत महिनोन्‌महिने टिकतो, बुटांना लागून घरातही येतो, म्हणून चपला दाराबाहेर. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या इन्फेक्शनची) भीती असते, त्याची लसही विचारून घ्या.

१२. लस होईपर्यंत बाहेर नेऊ नका म्हणता आणि सोशलायझेशन पण करा म्हणता. दोन्ही कसं जमणार?

हा प्रश्न सगळ्यात चांगला आहे. पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तीन ते चौदा आठवडे, म्हणजे लस संपेपर्यंत ते वय निघून जातं. यावर उपाय म्हणजे बाहेर न्यायचं पण जमिनीवर ठेवायचं नाही. पिशवीत किंवा कडेवर घेऊन गेटपर्यंत जा, रिक्षा, भाजीवाला, स्कूलबस, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं लांबून दाखवा, दहा मिनिटं पुरे. घरी लस झालेला, शांत, ओळखीचा कुत्रा आणता आला तर उत्तम. मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, झाडू, छत्री उघडणं, यातलं रोज एखादं, लांबून, सोबत खाऊ. शेपूट पोटाखाली गेली, अंग आखडलं की तिथेच थांबा, अंतर वाढवा. आयुष्यभर सगळ्यांवर भुंकणारे छोटे कुत्रे बघतो ना आपण, त्यातल्या बऱ्याच जणांना या वयात कुणी काही दाखवलेलंच नसतं, नुसतं कडेवर घेऊन सगळ्यांपासून वाचवलेलं असतं.

१३. गणपतीच्या आधी ढोलाचा सराव सुरू होतो, मग दिवाळी. पिल्लू पलंगाखाली जाऊन बसतं.

नदीकाठी आणि पेठांच्या जवळ राहणाऱ्यांना हे चुकत नाही, गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून रोज संध्याकाळी ढोल. एकदम अंगावर यायच्या आधी मोबाईलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक, ऐकू येईल न येईल इतका लावून त्याच वेळी जेवण द्या, आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. प्रत्यक्ष आवाजाच्या वेळी आतली खोली, खिडक्या बंद, पडदे, पंखा आणि टीव्ही चालू, खोक्यावर चादर टाकून गुहेसारखं. लपलं तर ओढून बाहेर काढू नका. जवळ आलं तर जवळ घ्या, ‘लाड केले की भीती वाढते’ असं काही नसतं. संध्याकाळचं जेवण आवाज सुरू व्हायच्या आधी उरका, घाबरलेलं पिल्लू खात नाही आणि मग प्रश्न ८. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीत कडेवर घेऊन जाणारे दिसतात, कृपा करून नेऊ नका.

१४. अंघोळ कधी घालू? वास येतोय.

पहिला आठवडा तर नकोच, लसी चालू असताना व्हेटला विचारून. तोवर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. घालाल तेव्हा दुपारी, कोमट पाण्याने, पिल्लांच्या शाम्पूने, आपला नको, आणि मुळापर्यंत वाळवा. शिट्झू, माल्टीजचे डोळ्यांखालचे केस रोज ओल्या कापसाने पुसावे लागतात.

१५. सोफ्यावरून उडी मारतं, मस्त मारतं, मारू द्यायचं का?

नाही. छोट्या ब्रीडच्या पुढच्या पायाची हाडं काडीसारखी बारीक असतात, सोफ्यावरून किंवा हातातून पडून मनगटाच्या वरती हाड मोडणं हे या कुत्र्यांमधलं अगदी नेहमीचं फ्रॅक्चर आहे, आणि तिथे रक्तपुरवठा कमी म्हणून जुळायलाही वेळ घेतं. वर घेतलं तर खाली ठेवायची जबाबदारी आपली. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी टाका, गुडघ्याच्या वाट्या सरकण्याचा त्रास या ब्रीडमध्ये असतोच, त्यात घसरणं नको. उचलताना एक हात छातीखाली, एक मागे. मानगुटीला धरून कधीच नाही, पग आणि शिट्झूचे डोळे बाहेर आलेले असतात, मागून कातडी ओढली गेली तर डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो, हे खरंच घडतं.

गळ्यात पट्टा पण नको, अंगात घालायचा हार्नेस घ्या, कारण प्रश्न २० मध्ये आहे.

१६. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. दोघांना एकत्र सोडलं तर चालेल?

तुम्ही समोर असाल तरच. एकच नियम शिकवा, पिल्लू घ्यायचं तर आधी खाली मांडी घालून बसायचं. उभं राहून उचलायचं नाही. झोपलेल्याला आणि जेवणाऱ्याला हात लावायचा नाही. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर पाळतात. चिहुआहुआ असेल तर आणखी काळजी, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची टाळू मऊ असते, कवटीत छोटी फट असते, तिथे टोलासुद्धा नको.

१७. खेळताना दात लागून रक्त आलं. अजून रेबीजची लस झाली नाहीये. आपल्याला इंजेक्शन घ्यावं लागेल का?

जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पिल्लू घरचं आहे, गोड आहे हे कारण पुरत नाही, ते कुठून आलंय, त्याच्या आईला लस होती का हे बघून डॉक्टर ठरवतील. हळद, चुना, कॉफी काही लावू नका.

चावणं कमी व्हायचं तर हात खेळणं म्हणून वापरायचाच नाही. चावलं की खेळ थांबवा, उठून जा, अर्ध्या मिनिटाने परत या. साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे दात पडतात तेव्हा हिरड्या शिवशिवतात, ओलं फडकं फ्रिजमध्ये गार करून चघळायला द्या. छोट्या ब्रीडमध्ये दुधाचे सुळे बऱ्याचदा पडतच नाहीत, सहा-सात महिन्यांना दोन-दोन सुळे दिसले तर व्हेटला दाखवा.

१८. आम्ही दोघं हिंजवडीला जातो, सकाळी नऊ ते रात्री आठ. राहील का एकटं?

अकरा तास, नाही राहणार, खरं बोलते. तीन महिन्यांच्या आतल्या टॉय पिल्लाला दर चार तासांनी खायला लागतं, त्यामुळे हा एकटेपणाचा नंतर आणि आधी जिवाचा प्रश्न आहे. पहिले तीन-चार आठवडे आळीपाळीने घरून काम, गावाहून आई-बाबा, शेजारच्या काकू, पगार देऊन दुपारी दोनदा येणारी ताई, यातलं काहीतरी पक्कं असेल तरच आणा, नाहीतर वर्षभराने आणा, किंवा मोठा झालेला छोटा कुत्रा दत्तक घ्या, लोक ब्रीडिंगनंतर किंवा घर बदलताना सोडून देतात असे खूप आहेत. ऑटोमॅटिक फीडर खाणं देईल, पण पिल्लू सुस्त पडलंय हे त्याला कळत नाही.

घरी कुणी असलं तरी पहिल्या आठवड्यापासून दोन मिनिटं, पाच मिनिटं दाराबाहेर जाऊन या, गाजावाजा न करता.

१९. आधीच घरात मोठा कुत्रा किंवा मांजर आहे, ओळख कशी करून द्यायची?

आधी लस-जंत झालेत का ते. मग दोन दिवस वेगळ्या खोल्या, एकमेकांची फडकी हुंगायला द्या, मग जाळीतून, मग मोठ्याला लीशवर ठेवून पाच मिनिटं. मोठा कुत्रा कितीही प्रेमळ असो, खेळताना त्याचा एक पंजा पडला तर हाड मोडतं, वर्षभर तरी एकटे सोडू नका. मांजरापासून डोळ्यांना धोका, तिला उंचावर पळायला जागा ठेवा. जेवण कायम वेगळं.

२०. अचानक नाकातून घुर्र-घुर्र असा श्वास ओढतं, गुदमरतंय असं वाटतं.

मान ताठ करून, कोपरं बाहेर काढून अर्धा-एक मिनिट असं करतं आणि मग जणू काही झालंच नाही, तर ती उलटी शिंक असते, छोट्या ब्रीडमध्ये अगदी कॉमन आणि सहसा निरुपद्रवी. गळा हळू चोळा, थांबते. व्हिडिओ काढून व्हेटला दाखवा. पण बदकासारखा कोरडा हॉर्न वाजल्यागत खोकला वेगळा, तो श्वासनलिका दबण्याचा किंवा केनेल कफचा (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याचा) असू शकतो, या ब्रीडची श्वासनलिका मुळात नाजूक म्हणून तर पट्टा नको म्हटलं. जीभ निळी दिसली तर तडक दवाखाना. पग आणि शिट्झूला एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बाहेर काढूच नका.

२१. घरातल्या कुठल्या गोष्टी विषारी असतात? ताप आला तर माणसांची गोळी चालेल का?

गोळी अजिबात नाही, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन दोन्ही घातक. आणि अंग गरम लागतं म्हणजे ताप असं नाही, कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

खाण्यातलं: कांदा, लसूण (म्हणजे कांदेपोहे, आमटी, रस्सा सगळं आलं), द्राक्षं आणि शिऱ्यातले बेदाणे-मनुका, चॉकलेट, शुगर फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल. आंब्याच्या दिवसांत कोय, ती आतड्यात अडकते. देवघरातला कापूर आणि कपाटातल्या डांबरगोळ्या यांचा कुणी विचार करत नाही, दोन्ही विषारी आहेत आणि दोन्ही जमिनीवर सापडतात. उंदराचं औषध घरात नकोच. कुंडीतली कण्हेर, सायकस हलवा. पावसाळ्यात टेरेसवर आलेला खरबरीत बेडूक तोंडात धरला तर तोंडातून फेस येतो, तोंड बाहेरच्या बाजूला पाणी सोडून धुवा आणि निघा. मोठ्या कुत्र्याला थोडंसं चालून जाणारं प्रमाण याच्यासाठी भरपूर असतं, म्हणून ‘एकच मनुका होती’ असं म्हणून थांबू नका.

२२. गोचीड दिसली. पावडर लावू का?

चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढा, रॉकेल, तेल नको. औषधांवर किमान वय आणि वजन लिहिलेलं असतं ते वाचा, मोठ्या कुत्र्याची पिपेट (अंगावर लावायच्या थेंबांच्या औषधाची नळी) अर्धी करून लावू नका, अर्धीसुद्धा जास्त होते. गोचीड ताप पुण्यात पावसाळ्यात आणि नंतरही खूप दिसतो, सुस्ती, फिक्या हिरड्या, ताप असेल तर रक्त तपासून घ्या.

२३. सोसायटी म्हणते कुत्रा पाळायचा नाही, लिफ्ट वापरायची नाही. आणि लायसन्स लागतं का?

भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्याप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. प्रिंट काढून चेअरमनना द्या, भांडणाच्या सुरात नको. आपल्या बाजूने शी उचलायची पिशवी कायम खिशात हवी. पुणे महापालिकेचं लायसन्स लागतं, त्यासाठी रेबीज लसीचा दाखला हवा, म्हणजे तीन महिन्यांची लस झाली की लगेच काढून टाका.

२४. पुढच्या महिन्यात साताऱ्याला लग्न आहे, गाडीने न्यायचं का?

लसी अर्धवट असतील तर शक्यतो टाळा, कुणीतरी घरी थांबा. न्यायचंच असेल तर कॅरियर सीटबेल्टने बांधून, निघायच्या दोन-तीन तास आधी थोडं खायला देऊन, पूर्ण उपाशी नाही, दर दीड तासाला थांबून पाणी आणि चार दाणे. खंबाटकी घाटाच्या वळणांवर बहुतेक पिल्लं लाळ गाळतात, उलटी करतात, उलटी झाली तर पोट शांत झाल्यावर थोडं ग्लुकोजचं पाणी चाटवा. बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका. लग्नघरी एक खोली आधीच मागून ठेवा आणि दाराला कडी.

२५. दहा दिवस झाले, अजून कोपऱ्यातच बसतं, जवळ येत नाही. आमचं काही चुकतंय का?

खातंय, वजन वाढतंय, शी नीट आहे? मग बहुतेक नाही. मोदक सतरा दिवस जेवणाच्या टेबलाखाली राहिला. आम्ही काहीच केलं नाही, मी तिथेच फरशीवर बसून भाजी निवडायचे, त्याच्याकडे न बघता, आणि जवळ एक-दोन दाणे टाकून ठेवायचे. अठराव्या दिवशी मेथीची जुडी सोडत होते तर तो आला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी टेकून झोपला. तीन आठवडे झाले तरी अंगाला हात लावला की किंचाळत असेल, किंवा आवाजाला अजिबात दचकत नसेल, तर व्हेटकडून दुखणं आणि कान दोन्ही तपासून घ्या.